‘मशीन’ बँडचे ते एक गाणे: कोणती ओळ खरी मानावी आणि शीर्षकाला मराठीत काय म्हणावे?

तबकडीवाला:

दादरला आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्ड ऐकायला जमतो. प्रत्येक बैठकीत एकाने एकच गाणे आणायचे, त्याविषयी दहा मिनिटे मराठीतून बोलायचे आणि मग ते गाणे लागोपाठ दोनदा ऐकायचे, असा आमचा शिरस्ता आहे. या वेळची पाळी माझी असून मी ‘मशीन’ या अमेरिकन बँडचे ‘देअर बट फॉर द ग्रेस ऑफ गॉड गो आय’ हे १९७९ सालचे गाणे निवडले आहे. निवडले खरे, पण आता पुरता अडकलो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

ही रेकॉर्ड मला चोरबाजारात मटन स्ट्रीटच्या कडेला, हिंदी चित्रपटांच्या एल.पी.च्या गठ्ठ्यात, कव्हराविना मिळाली. आर.सी.ए. कंपनीचे नाव पाहून घेतली, घरी आणून मऊ फडक्याने पुसली आणि सुई ठेवली, तर सुरुवातीच्या कीबोर्डच्या सुरावटीतच पाय हलू लागले. तीन-चार वेळा मी ती नुसते नाचाचे गाणे म्हणून ऐकली. शब्दांकडे लक्ष गेले ते एका रविवारी आमटीला फोडणी देताना, आणि फोडणी करपली.

गाण्यातली गोष्ट अशी आहे. कार्लोस आणि कार्मेन विडाल या जोडप्याला मुलगी होते. गोड, किंचित वाकडे हसणारी. मूल वाढवायला न्यूयॉर्क शहरातला ब्राँक्स हा भाग काही बरी जागा नव्हे असे ठरवून ते दूर कोठेतरी बिऱ्हाड हलवायचे म्हणतात, आणि ती नवी जागा कशी हवी, तर जेथे काळे नाहीत, ज्यू नाहीत आणि समलिंगी नाहीत अशी. मुलगी दहा वर्षांची होते, तिला रॉक अँड रोल आवडू लागते, तर बाप घरात त्यावर बंदी घालतो. पुढे ती नशापाणी करू लागते आणि सोळाव्या वर्षी रस्त्यात भेटलेल्या एका माणसाबरोबर सामान बांधून निघून जाते. आई भिंतीवर डोके आपटून रडते. हे सगळे काही मिनिटांत उरकते, आणि त्या वेळात खालचा डिस्कोचा ठेका एक क्षणही थांबत नाही.

माझी पहिली अडचण अशी की, या गाण्याची दोन रूपे ऐकायला मिळतात. एकात ती तीन नावांची ओळ आहे, तर दुसऱ्यात तिच्या जागी ‘जेथे फक्त वरच्या वर्गातले लोक राहतात’ अशा अर्थाची सौम्य ओळ आहे. बैठकीत कोणते रूप वाजवावे? दुसरी अडचण शीर्षकाची. शब्दशः अर्थ (देवाची कृपा नसती तर मीही तेथेच) सांगता येतो, पण तो सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, हे मी घरी दोनदा करून पाहिले आहे. शिवाय आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, इतका गंभीर विषय डिस्कोवर बसवणे हेच मुळात चुकले आहे आणि म्हणूनच हा बँड टिकला नाही. त्यांना काय उत्तर द्यावे?

जुने कॅटलॉग:

आधी बँडविषयी, म्हणजे दहापैकी दोन मिनिटे तरी आपली भरतील. ‘मशीन’चे आयुष्य जेमतेम दोन अल्बमांचे. १९७९ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला आणि १९८० मध्ये ‘मूव्हिंग ऑन’ हा दुसरा. त्यानंतर दुकान बंद. आपण निवडलेले गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या डिस्को यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले, पण सर्वसाधारण ‘हॉट १००’ यादीत ७७ च्या वर गेले नाही. या दोन आकड्यांतले अंतर बोलके आहे. नाचणाऱ्यांनी गाणे डोक्यावर घेतले, घरोघरच्या रेडिओपर्यंत मात्र ते फारसे पोहोचले नाही.

मुख्य आवाज क्लेअर बाथे यांचा आहे. गाणे लिहिले बँडचे कीबोर्डवादक केव्हिन नान्स आणि ऑगस्ट डार्नेल या दोघांनी मिळून. डार्नेल हे बँडचे सभासद नव्हेत, पण या गाण्यातली कथनाची तऱ्हा त्यांचीच आहे, असे त्यांचे बाकीचे काम ऐकल्यावर माझे मत झाले आहे. ते स्वतः ब्राँक्समध्ये वाढलेले आणि संगीतात येण्यापूर्वी इंग्रजीचे शिक्षक होते. सावत्र भावाबरोबर त्यांनी ‘डॉक्टर बझर्ड्स ओरिजिनल सव्हाना बँड’मध्ये काम केले, ज्याचा पहिला अल्बम १९७६ चा, त्यात चाळीसच्या दशकातल्या बिग बँडचा थाट आणि डिस्कोचा ठेका एकत्र नांदतो. १९८० पासून ते ‘किड क्रिओल’ हे सोंग घेऊन ‘किड क्रिओल अँड द कोकोनट्स’ या नावाने गाऊ लागले. पात्र उभे करायचे, त्याला नावगाव द्यायचे, त्याच्या तोंडी त्याचीच भाषा ठेवायची आणि आपण बाजूला उभे राहायचे, ही त्यांची सवय. ‘कार्लोस आणि कार्मेन विडाल’ असे पूर्ण नाव देऊन सुरू होणारी डिस्को गाणी आपण किती ऐकली आहेत?

बँड का टिकला नाही, याविषयी आपल्या ज्येष्ठ सभासदांना एक तारीख सांगावी. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, एकाच दिवशी ठेवलेल्या बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, पेटीभर डिस्को रेकॉर्ड स्फोटाने उडवण्यात आल्या. त्यानंतर हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, गवत उखडले गेले आणि दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला. डिस्कोविरुद्धचे वारे त्याआधीच वाहू लागले होते, त्या रात्रीने त्याला चेहरा मिळाला. कंपन्यांनी वर्षभरात ‘डिस्को’ हा शब्दच पुसायला घेतला. ‘मशीन’चा दुसरा अल्बम नेमका या पडझडीत आला. अशा वेळी भल्याभल्यांची दुकाने बसली, तेथे एका गाण्याच्या बळावर उभा असलेला बँड काय टिकणार? गंभीर विषयामुळे बँड बुडाला, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

शब्दवेध:

ओळीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तीन नावांची ओळ हीच मूळ असून तीच वाजवावी. सौम्य ओळ आली ती रेडिओवर आक्षेप नको म्हणून, आणि तिने गाण्याचा कणाच काढून घेतला.

ऐकणाऱ्यांचा गोंधळ का होतो, तर ते शब्द गाणारीचे आहेत असे त्यांना वाटते. ते शब्द विडाल जोडप्याचे आहेत. आपल्याकडे हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. एकनाथांच्या भारुडात नाथ स्वतः बोलत नाहीत, सोंग बोलते. ते सोंग आंधळ्याचे असेल, वासुदेवाचे असेल किंवा नवरा नको झालेल्या बाईचे असेल, आणि ऐकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की येथे ‘मी’ म्हणजे नाथ नव्हेत. त्या सोंगाच्या तोंडचे शब्द कोणी सौम्य केले, तर भारुड उरणार नाही, नुसता उपदेश उरेल.

आता आडनावाकडे पाहा. विडाल, आणि तेही कार्लोस व कार्मेन. हे स्पॅनिश भाषक घर आहे. सत्तरच्या दशकातल्या ब्राँक्समधून जी गोरी कुटुंबे उपनगरांकडे गेली, ती ज्यांच्या शेजाराला कंटाळून गेली त्यांत काळ्यांबरोबर हे विडालही होतेच. म्हणजे ज्यांच्यापासून लोक पळाले, तेच आता पळण्यासाठी स्वतःची यादी तयार करत आहेत. लेखकाने येथे गोरे आडनाव घातले असते, तर गाणे सोपे झाले असते आणि आज आपण त्यावर बोलतही नसतो.

त्या यादीविषयी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. डिस्को हे संगीत न्यूयॉर्कमध्ये वाढले ते प्रामुख्याने काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत. डेव्हिड मँक्युसो यांनी १९७० मध्ये आपल्याच राहत्या जागेत सुरू केलेल्या ‘द लॉफ्ट’च्या मेजवान्या हे त्याचे ठळक उदाहरण. तेव्हा ही रेकॉर्ड लागल्यावर नाचघरात जे नाचत होते, त्यांतल्या अनेकांना त्या ओळीत स्वतःचेच नाव ऐकू येत होते. जे विडालांना शेजारी नको होते, तेच विडालांच्या गोष्टीवर रात्रभर नाचले. ‘वरच्या वर्गातले लोक’ असे म्हटले की हा सगळा प्रसंगच नाहीसा होतो.

विरार फास्ट:

शब्दवेध यांचे विवेचन मला मान्य आहे, पण मुंबईत बसून हे गाणे ऐकताना मला ती सौम्य ओळच अधिक बोचते. कारण सांगतो.

आमचे घर गिरगावातल्या चाळीत होते. ऐंशीच्या दशकात वडिलांनी पागडीची ती खोली सोडून उपनगरात ‘ब्लॉक’ घ्यायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी एका जुन्या डायरीत तक्ता आखला होता, तो मी अजून जपून ठेवला आहे. डाव्या बाजूला पाहिलेल्या जागा, वर चार रकाने: पाणी, शाळा, स्टेशनपासूनचे अंतर आणि वस्ती. पहिल्या तिन्ही रकान्यांत आकडे किंवा नावे आहेत. ‘वस्ती’च्या रकान्यात मात्र प्रत्येक ठिकाणी एकच शब्द आहे: ‘चांगली’, ‘मिश्र’ किंवा ‘आपली’. ज्या जागेपुढे ‘आपली’ असे लिहिले होते, तेथे आम्ही राहायला गेलो. वडिलांनी आयुष्यात कोणाविषयी वावगा शब्द काढल्याचे मला आठवत नाही, आणि आम्हा मुलांवर चांगले संस्कार व्हावेत यापलीकडे त्यांचा हेतूही नव्हता. कार्लोस विडालचाही हेतू याहून निराळा नव्हता, असे आता वाटते.

पुढे मी स्वतः भाड्याने जागा शोधू लागलो, तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत करार टंकून झाला होता, अनामत रकमेचा धनादेश खिशात होता, आणि सचिवांनी घरात मासे शिजतात का एवढेच विचारले. मी ‘हो’ म्हणालो. त्यांनी चहा पाजला, मुलीच्या शाळेची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी एजंटाचा निरोप आला की मालकाचा विचार बदलला. खाली उतरताना त्या एजंटाने मला नवा शब्द शिकवला: “साहेब, तुम्हाला कॉस्मो बिल्डिंग बघायला पाहिजे.” मुंबईत घर शोधलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक असेल. कॉस्मो म्हणजे जेथे कोणीही चालतो अशी इमारत. त्या एका शब्दावरून बाकीच्या इमारतींत काय चालते, ते आपोआप समजते. मी मासे खाणारा म्हणून एका दारातून परतलो, एवढेच. माझ्या ऑफिसातल्या एका मुसलमान सहकाऱ्याला त्याच महिन्यात नाव सांगताक्षणी फोनवरच नकार मिळत होते, आणि त्याला चहाही कोणी पाजला नाही.

मला म्हणायचे ते असे की, या शहरात तीन नावे उघड घेणारा माणूस क्वचितच भेटतो. येथे सगळे ‘चांगली वस्ती’, ‘सुशिक्षित शेजार’, ‘फॅमिली क्राउड’ अशाच भाषेत चालते. रेडिओसाठी सौम्य केलेली ओळ नकळत आमच्या सोसायट्यांच्या भाषेत लिहिली गेली आहे. त्यामुळे दोन्ही रूपे वाजवावीत, आणि आधी सौम्य रूप वाजवावे. त्या ओळीला कोणाच्याही कपाळावर आठी पडणार नाही. मग मूळ वाजवावे.

बेंजो मास्तर:

मी लालबागच्या एका बेंजो पार्टीत पुष्कळ वर्षे ऑक्टोपॅड वाजवला आहे, त्यामुळे शब्दांविषयी न बोलता ठेक्याविषयी बोलतो. ‘गंभीर विषय आणि डिस्को’ या आक्षेपाचे उत्तर ठेक्यातच आहे.

डिस्कोचा ठेका म्हणजे चारही मात्रांवर बास ड्रमचा सारखा ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, आणि दर दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट (झांजांची जोडी) किंचित उघडून ‘त्स्’ असा मिटणारा आवाज. हा साचा ज्यांनी पक्का केला त्यांत फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांचे नाव पहिले घेतात आणि त्यासाठी १९७३ सालचे ‘द लव्ह आय लॉस्ट’ हे गाणे दाखवतात. ते गाणेही प्रेम गमावल्याचे आहे, हे आपल्या सभासदांच्या कानावर घालावे. फंक या नाचाच्या दुसऱ्या संगीतप्रकारात वजन पहिल्या मात्रेवर पडते आणि बाकीच्या जागा बास गिटार तिरकस भरून काढते. ‘मशीन’च्या गाण्यात खालचा ड्रम डिस्कोचा आहे आणि त्याच्यावरची हालचाल फंकची आहे. त्यामुळे पाय सरळ चालतात आणि कंबर मात्र त्यांचे ऐकत नाही.

मी हे गाणे नातवाच्या फोनवर ऐकले आणि पॅडवर वाजवून पाहिले. पहिल्या कडव्यात मूल जन्मते आणि शेवटच्या कडव्यात मुलगी घर सोडते, पण ठेका दोन्ही ठिकाणी तोच आहे. आपल्याकडचा वादक शेवटी लय उतरवेल, निदान एखादा तोडा घेऊन थांबेल. हे लोक थांबत नाहीत. आई रडत असताना ड्रम तसाच चालू राहतो, आणि माझ्या मते त्या गाण्यातली सगळ्यांत निर्दय गोष्ट तीच आहे. बँडचे नाव ‘मशीन’ का, हे मला तेव्हा कळल्यासारखे वाटले. (हा माझा खाजगी समज आहे, बैठकीत माहिती म्हणून सांगू नये.)

आणि नाचाच्या चालीवर गंभीर बोलू नये, हा नियम महाराष्ट्रात कोणी आणला? अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आहे. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने ती सुरू होते, ढोलकी खणखणत असते, आणि बघता बघता ती संयुक्त महाराष्ट्राची, मुंबईची आणि तुटलेल्या सीमाभागाची होते. गिरणगावात माणसे त्यावर डोलतही होती आणि पेटतही होती. दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात.

मुंबईत डिस्को आम्ही ऐकला तो १९८० च्या ‘कुर्बानी’तल्या नाझिया हसनच्या गाण्यापासून. ते बिद्दूंनी केले होते. त्या लाटेत आम्ही विसर्जनाला काय काय वाजवले त्याची गणती नाही, पण शब्दांत कोणाचे घर आहे, कोणाचा मोहल्ला आहे, असे काही त्यांत नव्हते. ‘मशीन’चे गाणे तेव्हा हाती लागले असते तर वाजवले असते का? सूर वाजवले असते. शब्द कोणाला कळले असते?

संशयात्मा:

सगळ्यांचे कौतुक वाचले. मला या गाण्याचा शेवट खटकतो, तो कोणी बोलून दाखवला नाही म्हणून लिहितो.

शेवटी आईबापांना जो धडा मिळतो तो असा की, प्रेमाचा अतिरेक हा प्रेम मुळीच नसण्यापेक्षा वाईट. म्हणजे परक्या लोकांविषयीच्या द्वेषाने सुरू झालेली गोष्ट मुलांना फार जपू नका या घरगुती शहाणपणावर येऊन थांबते. ज्यांना वगळले त्या तिघांचे पुढे काय झाले? ते गाण्यात पुन्हा येत नाहीत. शिवाय मुलगी बिघडली म्हणजे काय, तर तिने नशा केली आणि एका पुरुषाबरोबर गेली. शिक्षा झाली ती तिलाच. ब्राँक्सविषयीही हेच. १९७७ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवरच्या पडक्या इमारतींपुढे उभे राहिले, तोवर ब्राँक्सच्या मधोमध एक्सप्रेसवे घालून वस्त्या कापल्या गेल्या होत्या, विम्याच्या पैशासाठी घरमालक इमारतींना आगी लावत होते, आणि पैशाच्या चणचणीत शहराने अग्निशमन केंद्रे बंद केली होती. यातले काहीच गाण्यात नाही. ‘मूल वाढवायला बरी जागा नाही’ एवढ्यात ते आटोपते. त्याच ब्राँक्समधून १९८२ मध्ये आलेले ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्हचे ‘द मेसेज’ ऐकावे. तेथे पहिले कडवेच फुटलेल्या काचांपासून सुरू होते.

बाकी शीर्षकाला मराठीत म्हण आहेच: ‘जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात.’ एवढे अवघड काय आहे त्यात?

शब्दवेध:

संशयात्मा यांनी म्हण सुरेख काढली आणि त्यांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तरही तिच्यात आहे. विडाल कुटुंब सुपात बसून हसत होते, ते जात्यात आले. गाणे त्या एका क्षणाचे आहे, एक्सप्रेसवेचा इतिहास ते सांगायला बसलेले नाही. मुलीला शिक्षा झाली, हे मात्र खरे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही ती म्हण शीर्षकाला पुरती बसत नाही. म्हणीत बोलणारा तिसराच कोणी आहे. तो सुपातल्यांना दटावतो आणि स्वतः ना सुपात असतो, ना जात्यात. इंग्रजी वाक्यात बोलणारा स्वतःला गुंतवून घेतो. सोळाव्या शतकातल्या जॉन ब्रॅडफर्ड या इंग्रज धर्मोपदेशकाने वधाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांना पाहून हे उद्गार काढले, अशी आख्यायिका सांगतात. पुढे १५५५ मध्ये त्यालाही जिवंत जाळण्यात आले. म्हणजे आख्यायिकेपुरता तो सुपातलाच एक दाणा होता आणि ते त्याला कळत होते. मराठीत ‘देवाने राखले म्हणून, नाहीतर त्या जागी मी असतो’ असे काहीसे होईल.

आणि येथे मराठी आपल्याला कोंडीत पकडते. इंग्रजी ‘आय’ला लिंग नाही. आपल्याला ‘मी असतो’ की ‘मी असते’ हे ठरवावेच लागते. लेखणी दोन पुरुषांची आहे, पण आवाज क्लेअर बाथे यांचा. मी ‘असते’ करीन. ‘असतो’ म्हटले की कोणी बाप दुसऱ्या बापाविषयी हळहळतो आहे असे वाटते. ‘असते’ म्हटले की ती बाई कार्मेनच्या जागी स्वतःला पाहते, किंवा त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या जागी, आणि नेमकी कोणाच्या, ते उघड राहते. संशयात्मा यांना मुलीवर अन्याय झाल्यासारखा वाटतो, तो या एका क्रियापदाने थोडा तरी हलका होतो का, पाहावे.

संशयात्मा:

थोडा. ‘असते’ मान्य आहे. एक्सप्रेसवेचे मी सोडलेले नाही.

तबकडीवाला:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरी बसून घड्याळ लावून बोलून पाहिले, तर तेरा मिनिटे झाली, त्यामुळे कॉमिस्की पार्कचा प्रसंग दोन वाक्यांत उरकतो आणि किड क्रिओल पूर्णच वगळतो. एक्सप्रेसवे आणि आगी ठेवल्या आहेत, नाहीतर ‘बरी जागा नाही’ म्हणजे काय ते कोणाला कळणार नाही.

माझ्या रेकॉर्डवर तीन नावांची ओळ आहे, हे भिंग घेऊन नव्हे तर कान लावून पुन्हा तपासले. सौम्य रूप फोनवरून स्पीकरला जोडून ऐकवीन. विरार फास्ट यांनी सुचवला तोच क्रम ठेवतो: आधी सौम्य, मग काहीही न बोलता मूळ. ‘वस्ती’च्या रकान्याची गोष्ट सांगायला त्यांची परवानगी असावी, अशी विनंती, नाव अर्थातच घेणार नाही. शीर्षक मी फळ्यावर ‘देवाने राखले, नाहीतर तेथे मीच असते’ असे लिहिणार आहे आणि आमच्यातल्या पुरुषांनी ‘असते’वर शंका काढलीच तर उत्तर तयार आहे.

ज्येष्ठ सभासदांना काल फोन केला आणि ‘माझी मैना’चा दाखला दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्या छक्कडीवर ते स्वतः नरे पार्कात नाचले आहेत, पण डिस्कोवर कोणी नाचायला सांगितले तर ते खुर्चीवरून उठणार नाहीत. बेंजो मास्तर, आपण लालबागहून येणार असाल तर बैठक रविवारी संध्याकाळी आहे, पत्ता खाजगी निरोपात कळवतो. पॅड आणलात तर बरे होईल. समोरच्या दोन रांगांतल्या खुर्च्या मी भिंतीला लावून ठेवतो. त्यांची मागच्या रांगेतली खुर्ची तशीच राहील.